आजोबांचा काजू कारखाना: भट्टीच्या काळ्या भिंती धुवायच्या की ठेवायच्या?

पाणंद
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यापासून थोड्या अंतरावर आमच्या आजोबांनी उभा केलेला काजूचा कारखाना आहे. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. मधल्या काळात तिथे भाताच्या गोणी, जाळी, मांडवाचं सामान असं काय काय पडून होतं. यंदा घरात वाटण्या झाल्या आणि ती जागा माझ्याकडे आली.

इमारत अशी आहे: चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जाड भिंती. पुढे लांबच लांब सोलणीची खोली, दोन्ही अंगांना खिडक्यांची रांग, वर मंगलोरी कौलं आणि उजेडासाठी मध्ये मध्ये काचेची कौलं. बाजूला डबे भरायची छोटी खोली. मागच्या अंगाला भट्टीची खोली आणि चिऱ्याचं धुराडं. भट्टीवर नंतर कधीतरी सिमेंटचे पत्रे घातलेत. त्या खोलीच्या भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या आहेत. टरफलाचं तेल आणि धूर बसून बसून काही ठिकाणी डांबरासारखा चकचकीत थर झालाय.

एका ठेकेदाराने सांगितलं, पाडा, चिरे चांगले आहेत, कुंपणाला वापरा आणि नवीन आरसीसी करा. दुसरा म्हणाला, वाळूचा मारा करून भिंती साफ करू, सिमेंटचा गिलावा आणि पांढरा रंग मारला की ओळखू येणार नाही. मला नेमकं तेच नको आहे. मला ती ओळखू यायला हवी आहे.

वाडा असता, देऊळ असतं, तर चार लोक आपणहून म्हणाले असते की जपा. कारखान्याबद्दल कोणी म्हणत नाही. पण आमच्या पंचक्रोशीतल्या किती घरांच्या चुली या खोलीवर पेटल्या! म्हणून विचारते: भिंतींचं काय करू, छपराचं काय करू, इमारत नक्की कधीची ते कसं शोधू आणि दुरुस्तीनंतर तिथे काय चालवू?

चिराखाण
पाणंदताई, आधी दोन्ही ठेकेदारांना नारळ द्या. माझं आयुष्य रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात चिऱ्याच्या बांधकामात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाळूचा मारा अजिबात नको. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा-ऊन लागून टणक होतो. ती वरची टणक साल उडवली की आतला सच्छिद्र भाग उघडा पडतो आणि दोन पावसांत भिंत पाणी प्यायला लागते.

सिमेंटचा गिलावा त्याहून वाईट. जांभ्याची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि अंगावाटे सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच अडकते. तुमच्याकडे समुद्र जवळ, त्यामुळे त्या ओलीत मीठ असणार. ते मीठ गिलाव्यामागे स्फटिक धरतं आणि चिऱ्याची भुकटी करतं. वरून भिंत गोरीगोमटी दिसते आणि गिलाव्याचा पोपडा सुटतो तेव्हा मागून लाल माती गळते. लोणा लागलेली अशी घरं किनाऱ्यावर गावोगाव आहेत.

सांधे भरायचे तर चुन्यानेच भरा. चुनकळी आणून विझवा आणि पाण्याखाली निदान काही आठवडे मुरू द्या. वाळू नदीची घ्या. खाडीची मिळाली तर गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन घ्या. चुन्याच्या कामाला पावसाळा चालत नाही आणि एप्रिल-मेचं ऊनही चालत नाही. भराभर वाळलेला चुना हाताने चोळला तरी सुटतो. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी उरका, आणि केलेल्या कामावर ओलं गोणपाट ठेवा.

लाकडाचं सांगायचं तर वासे बहुधा ऐन, किंजळ किंवा सागाचे असतील. भिंतीत घुसलेलं टोक आधी कुजतं, कारण तिथे ओल असते. टोकदार सळईने टोचून बघा. नुसतं टोक गेलं असेल तर तेवढंच कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्या. अख्खा वासा फेकून देऊ नका.

जुईली_समुद्रकाठ
किती सुंदर जागा असेल ती! काचेच्या कौलांतून येणारा उजेड डोळ्यांसमोर आला. माझं मत: छान होमस्टे आणि कॅफे करा. कोचीला अ‍ॅस्पिनवॉल हाऊस बघा. मसाले, काथ्या यांचा व्यापार चालायचा तिथे. २०१२ पासून तिथे कलेचं बिएनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी होणारं मोठं प्रदर्शन, भरत आलंय आणि जगभरातून लोक येतात. आपल्याकडे का नाही?

गजाल_सांजवेळची
माझी आवस अशाच एका कारखान्यात फोडणीक, म्हणजे बियो फोडूक होती. काळोखात जाय ती दिवेलागणीक परत येय. हातांचा कातडा सोलपटलेला. भाकरेच्या पिठाक काळा लागात म्हणान आधी राखेन आणि मगे खोबरेलान हात चोळीत बसा. आधारकार्ड काढूक गेलो तेव्हा मशीन तिचो अंगठो घेयना. ठसोच ऱ्हवलो नव्हतो.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. टरफलातलं तेल कातडी जाळतं, कातडीवर फोड उठतात. आमच्या आईला मजुरी किलोवर मिळायची. अख्खा गर निघाला तर ठीक, पाकळी झाली की मुकादमाची बोलणी. त्या भिंतीवरचा काळा थर म्हणजे तोच धूर आहे, जो तिच्या छातीत गेला. जुईलीताई, तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, पण त्या भिंतीला टेकून कोणी कॉफी पीत फोटो काढला तर मला ते बघवणार नाही.

जुईली_समुद्रकाठ
@गजाल, हे मला खरंच माहीत नव्हतं. आईंना नमस्कार. तरीही एक प्रश्न राहतो. इमारत वापरात नसली तर ती टिकत नाही. कौलं दरवर्षी परतावी लागतात, त्याचा पैसा कुठून तरी यायला हवा ना?

अष्टागर
छपराबद्दल, अलिबागकडून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागात कौलं पत्त्यांसारखी उडाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते तुमच्या किनाऱ्यावरून गेलं. त्यानंतर बहुतेकांनी कौलं काढून पत्रे घातले. पण ज्यांची कौलं बांधलेली होती त्यांची बरीचशी जागेवर राहिली.

मंगलोरी कौल उलटं करून बघा. मागच्या बाजूला एक कान असतो, त्याला भोक असतं. ते तारेने रिपेला, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्टीला, बांधण्यासाठीच दिलेलं आहे. आपल्याकडे ते कोणी वापरत नाही. वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्याजवळची ओळ आणि दोन्ही बाजूंच्या कडा तांब्याच्या किंवा गॅल्वनाइज्ड तारेने बांधून घ्या. वारा तिथूनच आत शिरतो आणि कौल उचलतो. आढ्यावरची कोनी कौलं चुन्यात बसवा.

जाता जाता: आमच्या अलिबागची चुंबकीय वेधशाळा बघितली नसेल तर बघा. कुलाब्याला विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ती इथे हलवली. मोजमापावर परिणाम होऊ नये म्हणून बांधकामात लोखंड वापरलं नाही. तुमच्या खिडक्यांची रांगही सौंदर्यासाठी नसणार. गरावरची साल सोलायला, प्रत लावायला डोळ्यांना उजेड लागतो. कामाच्या इमारती अशा वाचायच्या असतात. कुठली गोष्ट कशासाठी केली ते कळलं की काय ठेवायचं ते आपोआप ठरतं.

पाणंद
@चिराखाण, @अष्टागर मनापासून आभार. कौलांचं ते भोक आजच बघते.

@गजाल, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कारखान्यात बसणाऱ्या कोण कोण अजून आहेत ते बघ आणि त्यांना विचार.

एक कौल सापडलं. त्यावर इंग्रजीत बासेल मिशन, मंगलोर आणि १८६५ असं आहे. म्हणजे इमारत १८६५ची? आजोबा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मले.

कोकण_एक्सप्रेस
बापरे! दीडशे वर्षांहून जुनी! लगेच पुरातत्त्व खात्याला कळवा.

निवृत्त_मास्तर
थांबा, थांबा. कौलावरचं १८६५ हे साल कौलाचं नाही, कारखान्याच्या स्थापनेचं आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगलोरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे ते साल छापातच राहिलं. अल्बुकर्क या दुसऱ्या कारखान्याच्या कौलांवर १८६८ दिसतं, त्याचंही तसंच.

तरी छाप उपयोगाचा आहे. पहिल्या महायुद्धात, त्यात बरेच जर्मन असल्याने, हे मिशन शत्रुपक्षाचं ठरलं आणि ब्रिटिशांनी त्याचे उद्योग ताब्यात घेतले. नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे नुसतं बासेल मिशन लिहिलेलं कौल साधारण महायुद्धापूर्वीचं धरता येतं आणि कॉमनवेल्थचं नंतरचं. पण कोकणात जुन्या घराची कौलं उतरवून नव्या घरावर घालायची पद्धत कायम होती. तुमच्या आजोबांनी कुठल्यातरी जुन्या घराची किंवा गुदामाची कौलं घेतली असतील. एका कौलावरून इमारतीचं वय ठरत नाही.

वय शोधायला कागद आणि सामान बघा. वह्या आहेत का? हिशोब रुपये-आणे-पै मध्ये असेल तर ते पान बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. वजनं शेराची आहेत की किलोची? दशमान वजनांचा कायदा १९५६ चा, त्यानंतरच्या काही वर्षांत किलो आले. पाटीवर किंवा पावतीवर जिल्हा रत्नागिरी असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं, त्या दिवशी सिंधुदुर्ग जिल्हा झाला. बॉयलर असेल तर त्यावरची धातूची पट्टी पुसून वाचा. ग्रामपंचायतीत घरपट्टीचे जुने आकारणी उतारे मागा. इतकी साधनं एकमेकांशी ताडून पाहिली तर दशक तरी नक्की हाती लागेल.

पाणंद
मास्तर, तुम्ही लिहिलंत म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली. वह्या आहेत! सर्वांत जुन्या वहीत आणे आहेत. हजेरीची मस्टरं आहेत, नावांपुढे अंगठे. बहुतेक सगळ्या बायका. नावापुढे आडनाव नाही, वाडीचं नाव आहे. डब्यांच्या खोलीत पत्र्याचे चौकोनी डबे आणि डाग द्यायचं, म्हणजे पत्रा सांधायचं, सामानही मिळालं.

वाशिष्ठी
चिपळूणहून कळकळीने सांगते, आज दुसरं काही करू नका, आधी त्या मस्टरचे फोटो काढा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरातली तीन पिढ्यांची कागदपत्रं चिखल झाली. पाणी उतरल्यावर पानं सुटी करायला गेले तर लगदा हातात आला. मोबाइलने काढा, दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून. प्रत्येक वहीच्या पहिल्या फोटोत एक पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा. मूळ वह्या सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आपल्या हवेत बुरशी धरते.

आणि इमारतीचंही तेच करा. एकही कौल उतरवण्याआधी प्रत्येक भिंतीचे समोरून फोटो, खिळा कुठे, कोनाडा कुठे, जमिनीवर झिजलेल्या जागा कुठे. नंतर कोणाला विचारणार?

काजूबी
त्या चौकोनी डब्यांबद्दल. गर २५ पौंडांच्या, म्हणजे ११.३४ किलोच्या डब्यांत भरायचे. आतली हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि तोंड डाग देऊन बंद करायचं, म्हणजे लांबच्या प्रवासात गर खवट होत नाही, किडत नाही. प्रतवारीतलं ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे अख्खे गर. एवढी बारकाईची निवड नुसत्या नजरेने आणि हाताने करायच्या या बायका. प्रतवारीचं टेबल असेल तर ते जिवापाड जपा. आणि ते त्याच खिडकीखाली ठेवा जिथे ते होतं.

धुराडं_उंच
थोडं विषयांतर करतो. माझे वडील सिंधुदुर्गातले, परळच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमचं बिऱ्हाड गावी आलं ते आलंच. गिरणगावातल्या निम्म्या खोल्यांत कोकणातली माणसं होती. आज त्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आहेत. फिनिक्स मिलचं धुराडं तेवढं उभं ठेवलंय. मी वडिलांना ते दाखवायला नेलं होतं. त्यांनी विचारलं, खाली काम करणाऱ्यांचं काय लिहिलंय? मी शोधलं, मला काही सापडलं नाही.

म्हणून पाणंदताई, धुराडं ठेवा, पण नुसतं धुराडं ठेवू नका. खाली कोण होतं ते लिहा.

कोकण_एक्सप्रेस
@धुराडं, तुमचं नावच धुराडं आणि मुद्दाही धुराड्याचा, वा! पण बोललात लाख मोलाचं.

नियमावली
कायद्याच्या बाजूने थोडं.

१) जागा भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम बघावे लागतील. अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटई क्षेत्र वाढवायचं नाही. म्हणून पाडून नवीन बांधा म्हणणाऱ्या ठेकेदाराचं ऐकलं असतंत तर आहे तेही हातचं जाऊ शकलं असतं. इमारत कायदेशीर होती हे दाखवायला तुमच्या घरपट्टीचे आणि परवान्याचे जुने कागद लागतील. मस्टर आणि वह्या फक्त आठवणी नाहीत, पुरावा आहेत.

२) सिमेंटचे पत्रे जुने म्हणजे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे. ग्राइंडरने कापू नका, फोडू नका, घासू नका. पाण्याने भिजवून, नटबोल्ट सोडवून अख्खे उतरवा, चांगले मास्क घाला. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन वर्षांनी आजार होतात. उतरवलेले पत्रे गोठ्यावर घालायला कोणाला देऊ नका.

३) तिथे पुन्हा काजू प्रक्रिया करायचा विचार असेल तर अन्नसुरक्षेच्या नियमांत भिंती गुळगुळीत, धुता येणाऱ्या आणि पापुद्रे न सुटणाऱ्या हव्यात. काळ्या भिंतीची भट्टीखोली त्यात बसणार नाही. सोलणीची खोली बसवता येईल. बचत गटाने सुरू केलं तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत कर्जाशी जोडलेलं अनुदान मिळत आलंय, सध्या काय चालू आहे ते विचारून घ्या.

गजाल_सांजवेळची
तिसरा मुद्दा मला पटला. काजूच्या जागी काजूच होऊ दे. आता वाफेवर बी शिजवतात, धूर नाही, फोडायला पायाने चालणारी यंत्रं आहेत, हातमोजे आहेत. ज्यांच्या आज्यांनी हात जाळले त्यांच्या नातींनी तिथे मालक म्हणून बसावं. याहून मोठं स्मारक मला सुचत नाही.

जुईली_समुद्रकाठ
@गजाल, शंभर टक्के. कॅफेचं मी मागे घेतलं असं समजा. विक्रीचा एक गाळा मात्र पुढे हवाच. गोव्याला जाणारे पर्यटक रस्त्यावरून जातात, त्यांना गर तिथेच मिळाले पाहिजेत आणि कोणी काढले तेही कळलं पाहिजे.

चिराखाण
काळ्या भिंतीचं राहिलंच. जुना थर वाळून कडक झाला असला तरी खरवडताना धूळ कातडीला आणि डोळ्यांना झोंबते. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. ब्लो-लॅम्पने जाळायचा प्रयत्न कोणी सुचवला तर हाकलून द्या. ते तेल पेट घेतं आणि धूर भयंकर असतो. कॉस्टिक सोडाही नको, त्याचे क्षार चिऱ्यात शिरून लोणा आणतील. लाकडी किंवा बोथट पात्याने सुटतं तेवढंच काढा. जे घट्ट बसलंय ते राहू द्या. तेलामुळेच त्या भिंतीला आजवर वाळवी-ओलीचा त्रास कमी झाला असेल, कारण हे तेल मच्छीमार होड्यांच्या लाकडाला लावत आलेत.

एक लक्षात ठेवा, त्या थरावर चुना धरणार नाही. पांढरी भिंत हवी तर थर पूर्ण काढावा लागेल आणि त्यात चिऱ्याला इजा होईल. म्हणून माझं मत: ठेवा.

पाणंद
मंडळी, थोडं थांबून लिहिते आहे, कारण मधे बरंच घडलं.

मस्टरमधली वाड्यांची नावं घेऊन काकीबरोबर फिरले. कारखान्यात काम केलेल्या काही जणी भेटल्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. त्यांना कारखान्यात घेऊन आले. दारातून आत आल्यावर प्रत्येकजण न सांगता आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. खिडकीवरून जागा ठरलेल्या होत्या. नव्या बाईला दारापाशी, जिथे वारा येतो आणि सालं उडतात, आणि जुन्या बाईला उजेडाची खिडकी.

भिंतीत हातभर उंचीवर ओळीने लहान कोनाडे आहेत. मला वाटत होतं दिव्याचे असतील. ते राखेचे निघाले. फोडणीवरची प्रत्येकजण त्यात राख ठेवायची. सिमेंटच्या गिलाव्यात ते बुजले असते.

भट्टीच्या खोलीत गेल्यावर मी विचारलं, या काळ्या भिंती अशाच ठेवू का, तुमच्या कामाची आठवण म्हणून? त्यातली सर्वांत थोरली म्हणाली, "कित्याक गो? धुवून टाक. आमी खाल्लो तेवढो धूर पुरे नाय जालो?" दुसरी म्हणाली, "नको धुवू. माझ्या नातवाक दाखवचा हा. तो म्हणता आजी खोटा सांगता." दोघींची तिथेच जुंपली. मी मधे पडले नाही. तुम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, धरून चाललो होतो की ठेवणं म्हणजेच त्यांचा मान. थोरल्या आजींना तसं वाटत नाही आणि त्यांचा धूर आहे, माझा नाही.

गजाल_सांजवेळची
वाचून अंगावर काटा आला. माझी आई असती तर धुवून टाक म्हणाली असती. मी मात्र ठेव म्हणालो असतो. दोन्ही बरोबर आहे, आणि या वेळी निर्णय मुलांनी नाही, त्यांनी घ्यावा.

वाशिष्ठी
त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलंत ना? नसेल तर आवाजात घ्या, त्यांच्याच मालवणीत. आणि मस्टरची पानं लावायची असतील तर आधी घरच्यांना विचारा. अंगठे आणि नावं त्यांची आहेत. एखाद्या घराला ते नको असेल.

अष्टागर
खोली एकच असली तरी भिंती चार आहेत. सगळं किंवा काहीच नाही असं कशाला?

पाणंद
@अष्टागर, शेवटी तेच झालं, आणि ते त्यांनीच ठरवलं. भट्टीच्या तोंडासमोरची भिंत तशीच राहणार, पाण्याचा हातही लावायचा नाही. बाकी तीन भिंतींवरचं सुटतं तेवढं खरवडायचं. थोरल्या आजींची अट अशी की खोलीला वर उजेड पाहिजे, "आमका तेवा माणसाचा तोंड दिसत नव्हता." म्हणून पत्रे उतरवून तिथे कौलं घालू आणि त्यात काचेची कौलं जास्त घेऊ. सोलणीच्या खोलीत चुन्याचा गिलावा, कोनाडे उघडे, आणि तिथे गावातला बचत गट प्रक्रिया सुरू करायला तयार आहे. त्यांचा अर्ज भरणं चालू आहे. आवाजही घेतलेत, @वाशिष्ठी. दोन घरांनी मस्टरमधलं नाव लावायला नको म्हटलं, ती पानं लावणार नाही.

धुराड्याचं मात्र अडलंय. वरच्या तिसऱ्या भागात उभी भेग आहे, त्यात वडाचं रोप रुजलंय. ओढून काढू का?

चिराखाण
ओढू नका! मुळं चिऱ्यांच्या मध्ये गेलेली असतात, ओढलंत तर चिरे घेऊनच खाली येईल. खोड वरून कापा, नवे फुटवे येतील ते छाटत राहा, मुळं जागच्या जागी मरू द्या, ती वाळून सुटली की मग भेग साफ करून पातळ चुना ओता. तोवर धुराड्याला लोखंडी पट्ट्यांचे दोन कडे आवळून घ्या. आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ओळंबा लावून कल बघायला सांगा, चिऱ्याचं काम केलेला असेल असाच बघा. आणि पडणारी वीज जमिनीत नेणारा वीजवाहक बसवलाय का? परिसरातली सर्वांत उंच गोष्ट तीच असणार.

काजूबी
वडाचं रोप कापलं की खोडाच्या तोंडाला ओलेपणी लगेच मीठ-बिठ चोळू नका हं, कोणीतरी सांगेलच. भिंतीत मीठ नकोय आपल्याला.

धुराडं_उंच
वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ते विचारतायत, चुना मळायची बैलाची घाणी लावणार आहात की मिक्सर? घाणी असेल तर ते यायला तयार आहेत. गिरणीत जायच्या आधी त्यांनी घाणीवर बैल हाकलेत.

पाणंद
घाणी मिळत नाहीये, मास्तरांच्या ओळखीने आरोंद्याकडे एक दगडी चाक पडून आहे म्हणतात, ते बघायला रविवारी जाणार आहे. वडिलांना सांगा, दिवाळीनंतर या. राहायची सोय आमच्या घरी.